बशीतला कौल

आमचे सर भिंतीच्या कडेने चालत. भोरच्या ज्या कॉलेजात मी चौदा वर्षं लॅबमधल्या बाटल्या धुते आहे, त्याचं पटांगण ऐसपैस आहे. गेटातून तिरकं आलं की दोन मिनिटांत लॅब. सर मात्र गेटातून आत शिरले की कंपाउंडची भिंत धरायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचे आणि मग वर्गांच्या ओळीला खांदा घासत लॅबपाशी यायचे. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या एका खांद्यावर चुन्याचा डाग असे. मुलं मागून नक्कल करत चालायची, पण सरांनी कधी मागे वळून पाहिलं नाही. मी एकदा न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "मधून कोणी जात नाही, बाई. नीट बघा." मी नीट बघितलं. सगळं कॉलेज मधूनच जात होतं.

रसायनशास्त्र शिकवायचे. शिकवायचे चांगलं, त्याबद्दल त्यांच्या वैऱ्यालाही बोट ठेवता आलं नसतं. पण जीव अडकलेला असायचा तो खिडकीशेजारच्या टेबलावरच्या काचेच्या बशीत. पेट्री डिश म्हणतात ती. आम्ही बशीच म्हणायचो. त्या बशीत सरांचे कण पळायचे.

हे कण बनवायची रीत मला अजून तोंडपाठ आहे, कारण निम्मी हमाली माझीच. टॉर्चचे जुने सेल फोडून आतली काळी भुकटी काढायची आणि फडक्यातून गाळून घ्यायची. गेटापाशी जास्वंद आहे, तिच्या फुलांतले परागकण मेण लावलेल्या काचेवर झटकायचे. कण मेणात अर्धा रुतला की वर राहिलेल्या अर्ध्या अंगाला डिंकाचा हात देऊन ती काळी भुकटी आणि किंचित लोखंडाचा कीस लावायचा. मग गरम पाण्यात मेण सोडवायचं आणि कण बशीत घ्यायचे. वर मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. काळ्या बाजूला पेरॉक्साइड लागलं की तिथून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. बुडबुडे मागे आणि कण पुढे. लोखंड एवढ्यासाठी, की बशीखाली लोहचुंबक धरला तर कणाचं तोंड फिरवता यावं. चुंबक त्याला नुसता वळवतो. चालतो तो स्वतःच्या जोरावर.

पाण्यावर कापूर टाकला की तो भिरभिरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण कापूर भिरभिरताना कुठे जायचंय असं वाटत नाही. हे कण भिंगातून बघा, त्यांना जायचं असायचं. बशीच्या मधोमध सोडलेला कण दोनचार गिरक्या घेई, मग काठाला लागे आणि काठाकाठाने फिरत राही, मागे पांढरा दोरा सोडत. पेरॉक्साइड संपलं की थांबे. अजून एक थेंब टाकला की पुन्हा निघे. सर स्टुलावर बसून तासन्‌तास बघत. "इंजिन नाही, ड्रायव्हर नाही, जायचंय कुठे तेही ठाऊक नाही. आणि घाई बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिली काही वर्षं मला त्याचं हसू यायचं.

जगात मोठमोठ्या प्रयोगशाळांत अशाच सूक्ष्म मोटारी बनवतात, रक्तातून औषध नेण्यासाठी, घाण पाणी साफ करण्यासाठी, असं सर वर्गात सांगत. सरांना त्यातलं काहीच नको होतं. त्यांना वेगळंच काही पाहिजे होतं आणि ते काय, हे मला फार उशिरा उमगलं.

त्यांना एक वाईट खोड होती. स्टाफरूममध्ये सगळे बसलेले असावेत, गप्पा चालू असाव्यात, आणि कुणी सहज उठलं की सर शांतपणे विचारत, "आत्ताच का उठलात?" पाणी प्यायला, असं कुणी म्हटलं तर विचारत, "तहान मघाशीही होती. मग आत्ताच का?" त्यांच्या स्वरात चेष्टा नसे. ते खरंच उत्तराची वाट बघत, वही उघडून. आमचे शिपाईमामा एकदा चहा आणायला उठले, सरांनी विचारलं, आणि मामा जे खाली बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. मला म्हणाले, "पायच उचलंना गं. आपुन का उटलो ह्येच कळंना." त्यानंतर सर खोलीत असले की लोक उठायचं टाळू लागले. घंटा झाली तरी एकमेकांकडे बघत बसलेली चार प्राध्यापक मंडळी मी स्वतः पाहिली आहेत.

रविवारी ते एसटीने नसरापूरला जात. तिथे शेअर रिक्षा लागतात त्या चौकात एका दुकानाच्या भिंतीला टेकून उभे राहत आणि घोळक्यातलं कोण आधी निघतं ते वहीत मांडत. एकदा मी बाजाराला गेले असताना मला दिसले. दुकानदार मला हळूच म्हणाला, "ह्ये सायेब सर्वेवाले हायेत का? आमाला लई भ्या वाटतं त्यांचं." मी म्हटलं, आमचे सर आहेत. म्हणताना मला का कोण जाणे लाज वाटली.

शिपाईमामांकडे एक गोष्ट होती. सरांची बायको भोरला आल्यावर दुसऱ्याच वर्षी जेवता जेवता ताटावरून उठली, चपला घातल्या आणि गेली. भांडण नाही, तंटा नाही. पुढे कुठे पत्ता लागला नाही. खरंखोटं देव जाणे. सरांनी स्वतःच्या तोंडून कधी बायकोचं नावही काढलं नाही. पण ही गोष्ट ऐकल्यापासून, सरांनी कुणाला "आत्ताच का उठलात" विचारलं की मी नजर दुसरीकडे वळवायची.

आता जे सांगते त्यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. एके वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी लॅब उघडली. सुट्टीआधी धुवायची राहिलेली एक बशी खिडकीत तशीच होती, तळाला जेमतेम ओल. तीन आठवड्यांत पेरॉक्साइड कुठलं राहायला? त्या ओलीत एक कण काठाकाठाने फिरत होता. हळू, पण फिरत होता. मी सरांना बोलावून आणलं. ते वाकले, बघितलं, स्टूल ओढून बसले. घंटा झाली, वर्गावर गेले नाहीत. दुपारी त्यांनी बशीवर झाकण ठेवलं, ती कपाटात वरच्या फळीवर सरकवली आणि म्हणाले, "हे कोणाला सांगू नका, बाई. कोणाला म्हणजे मलासुद्धा पुन्हा सांगू नका." मी नाही सांगितलं. पण ते कपाट पुसताना वरची फळी मी कायम वगळली.

आणि अशा माणसापाशी मी माझ्या आबांना नेऊन बसवलं.

माझं माहेर वेल्ह्याकडे, पासली गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर भात केला. दोन वर्षांपूर्वी आखाडात त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याच्या आत ऑपरेशन केलं तर माणूस उठून शेतात जाईल. थांबलात तर ती पसरेल आणि मग आमच्या हातात काही नाही. इतकं सरळ होतं सगळं. आबा म्हणाले, भैरोबाला विचारल्याबिगर म्या अंगाला सुरी लावून घेनार न्हाई.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मनात प्रश्न धरायचा. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आबांच्या कौलाला सकाळी कळ्या लावल्या त्या दुपार टळली तरी दोन्ही तशाच. कौल अडला. गुरव म्हणाला, अवस झाल्यावर या. गाठीला अवस कुठे कळते? मी आबांना समजावायला म्हणून भोरला आमच्या दोन खोल्यांत घेऊन आले. मी कामावर, नवरा कंपनीत, दिवसभर एकटे बसून ते कुढतील, म्हणून लॅबमध्ये सोबत न्यायला लागले.

आबांनी बशीत पाहिलं आणि खिळले. सर एका बाजूला, आबा दुसऱ्या बाजूला, मधे बशी. दोघं तास तास बघत बसत. तिसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "सर, ह्यो कुनाचं ऐकतो?"

"कोणाचंच नाही," सर म्हणाले.

"मंग देवाचं ऐकत असंल."

आणि त्यांनी विचारलंच, की हितं कौल लावता येईल का. सर चिडले. ही प्रयोगशाळा आहे, देऊळ नाही, वगैरे बरंच बोलले. आबा बशीतच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं. रात्रभर झोपले नसावेत. म्हणाले, आबांना पाहिजे तसं करू. ते प्रश्न विचारतील तेव्हा मी टेबलाखालून चुंबक धरीन आणि कण उजवीकडे वळवीन. परवा पुण्याला घेऊन जा. "उजवं म्हणजे हो, ना?"

मी म्हटलं, "हो."

सूक्ष्मदर्शकातून सगळं उलटं दिसतं, उजव्याचं डावं होतं, म्हणून सरांनी मुद्दाम साधं भिंग काढून ठेवलं. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, असं म्हणाले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. ज्या माणसाने आयुष्यभर त्या कणांना स्वतःहून कुठे जायचंय हेच शोधलं, तो माझ्या बापासाठी त्यातला एक हाताने वळवायला तयार झाला होता.

दुपारचा वर्ग सुटला होता. पाऊस उघडला होता, खिडकीतून चांगला उजेड येत होता. आबा अंघोळ करून, धोतर नेसून आले. येताना गेटापाशी थांबून त्यांनी जास्वंदीचं एक फूल तोडून आणलं. सरांनी त्यांना टेबलाच्या एकाच बाजूला आपल्या शेजारी बसवलं, बशीत नवीन पेरॉक्साइड ओतलं, मधोमध एकच कण सोडला आणि डावा हात टेबलाखाली नेला. आबांनी ते फूल बशीच्या पलीकडच्या काठाशी ठेवलं, तोंड आपल्याकडे करून, आणि हात जोडले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आबांनी देवाला बसवलं होतं. देव पलीकडे, आपल्याकडे तोंड करून. देवळात उजवी कळी म्हणतात ती देवाच्या उजव्या हाताची. बघणाऱ्याच्या ती डाव्या हाताला असते. पासलीतलं शेंबडं पोर हे जाणतं. सर शहरातले, त्यांनी आयुष्यात कौल पाहिला नव्हता. आणि मी, त्याच वाडीत वाढलेली, त्यांनी विचारल्यावर नुसतं हो म्हणून बसले होते.

"भैरोबा, आपरेशन करू का नगं, मोकळं सांग," आबा म्हणाले.

मला बोलता आलं असतं. कण अजून मधेच गिरक्या घेत होता. सर, थांबा, एवढे दोनच शब्द. पण बोलले असते तर आबांना कळलं असतं की आम्ही दोघं मिळून त्यांना फसवतोय. आणि दुसरंही एक कारण आहे, ते मी लपवत नाही. गिरक्या घेता घेता तो कण थांबला. बुडबुडे सुटत होते, पांढरा दोरा मागे वाढत होता, आणि कण जागचा हलत नव्हता. एखादा माणूस उत्तर देण्याआधी थांबतो तेवढा वेळ. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी बघत राहिले आणि बोलायचं राहून गेलं.

मग तो निघाला. सरळ, आमच्या उजव्या हाताला, आणि काचेला जाऊन लागला. काठाने फिरला नाही. तिथेच राहिला.

सर म्हणाले, "उजवीकडे गेला, आबा."

आबांनी बशीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. कळलं." फूल उचलून डोळ्यांना लावलं आणि उठले. सरांनी त्यांना, आत्ताच का उठलात, असं विचारलं नाही.

घरी येताना रस्त्यात आबा एवढंच म्हणाले, "नगं म्हनला. आता पुन्याला न्हाई जायाचं."

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रडले, अबोला धरला, नवऱ्याने हातापाया पडून पाहिलं. शेवटी मी ठरवलं, लाज गेली तरी चालेल. आबा पेज पीत बसले होते. मी समोर बसून सांगितलं की आबा, तो कौल न्हवता. सरांनी टेबलाखालनं चुंबक धरला व्हता. तुमी पुन्याला जावं म्हनून. त्यांना उजवं-डावं ठावं न्हाई, म्हनून उलटं झालं. समदं खोटं हाय.

आबा रागावले नाहीत. पेज संपवली, वाटी खाली ठेवली. "चुंबक सरांच्या हातात व्हता," ते म्हणाले. "आन सरांचा हात कुनाच्या हातात व्हता?"

मी रिकामी वाटी उचलली. "गुरव बी कळ्या हातानंच लावतो की," असं म्हणून ते हसले आणि मला म्हणाले, "तू जिवाला लावून घिऊ नगं." दुसऱ्या दिवशीच्या एसटीने ते वाडीवर गेले.

सर रोज विचारत, कधी जाताय पुण्याला. मी सांगत राहिले की आबा घाबरलेत, मनधरणी चाललीय. उजव्या-डाव्याचं मी त्यांना सांगितलं नाही. मनातून मात्र त्यांच्यावर धुमसत होते. बशा धुताना त्या डाव्या हाताला मी किती शिव्या दिल्या त्याला गणती नाही. कुणी सांगितलं होतं मधे पडायला? अमावस्येनंतर गुरवाने पुन्हा कळ्या लावल्या असत्या, कदाचित उजवी पडली असती. दोष माझाही होता, पण माणूस आधी दुसऱ्याचा हात बघतो.

आबा भाताची झोडणी झाल्यावर गेले. शेवटचे दोन महिने फार वाईट होते. ते नाही लिहीत.

तेराव्यानंतर सर वाडीवर आले. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढे जीप, मग चालत. एवढ्या लांब येतील असं वाटलं नव्हतं. आईने ओटीवर सतरंजी टाकली. सर भिंतीला टेकून बसले. आई चहाचं बघायला आत गेली तसे हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी चुंबक धरलाच नव्हता."

मला आधी समजलंच नाही ते काय म्हणतायत.

"हात टेबलाखाली नेला होता. पण आबांनी हात जोडले आणि मला तो पुढे नेववेना. चुंबक शेवटपर्यंत खिशात होता. कण आपणहून गेला." ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या रिकाम्या खाचरांकडे बघत होते. "नंतर मी शंभर वेळा तसंच करून बघितलं. मधे थांबत नाही. सरळ जात नाही. तसा एकदाच गेला. म्हणून तुम्हाला विचारतो, तो हो म्हणाला होता. मग आबा का गेले नाहीत?"

पाच महिने ज्या हाताला मी शिव्या दिल्या त्या हाताने काहीच केलं नव्हतं. आबांना मी जे सांगितलं, समदं खोटं हाय म्हणून, तेच खोटं होतं. कुणी वळवलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. त्यांनी मोकळं सांग म्हणून विचारलं आणि त्यांना मोकळं उत्तर मिळालं. कुणाकडून, ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते कळायलाही नको आहे.

"घाबरले, सर," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. इतकी वर्षं ते ज्याची वाट बघत बसले होते ते त्यांना एकदा, एकाच दुपारी दिसलं होतं, आणि ते चांगलं होतं, हो म्हणणारं होतं, एवढंच घेऊन ते आले होते. उठून आत गेले. भिंतीशी पाटावर आबांचा फोटो होता, हार सुकलेला. सर त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "आबा, देव हो म्हणाला होता हो. तुम्ही ऐकायला पाहिजे होतं."

आई चहा घेऊन दारात उभी होती. आबांनी तिला कौलाचं सगळं सांगितलं होतं, कण देवाच्या डाव्या अंगाला गेला तेसुद्धा. तिने सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बोलायला तोंड उघडलं. मी पुढे होऊन तिचा हात धरला आणि घट्ट दाबला. सर पाया पडून उठेपर्यंत मी तो सोडला नाही.